बदलीवरचे नाक

आपल्या भाषेने नाकाची जेवढी थट्टा केली आहे, तेवढी दुसऱ्या कुठल्याच अवयवाची केली नसेल. कुणी ते मुरडतो, कुणी नको तिथे खुपसतो, कुणी त्याने कांदे सोलतो. पण हे नाक दिवसरात्र करते काय, ते मला अण्णांच्या आजारपणात कळले. डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवली आणि त्यांचे नाक सक्तीच्या रजेवर गेले. कोण किती काम करत होता ते तो रजेवर गेल्यावरच कळते, हा आमच्या बँकेतला जुना अनुभव. (काहींच्या बाबतीत, काहीच करत नव्हता, हे कळते!)

तर नाक बाहेरची हवा गाळते, ऊन करते आणि ओली करते. फुप्फुसात खोल पोचेपर्यंत ती ३७ अंश सेल्सिअसला आणि १०० टक्के दमट झालेली असते. म्हणजे बाहेर नागपूर असो की महाबळेश्वर, आत बारा महिने घामट कोकण. नाकाला वगळून कोरडी हवा थेट नळीतून गेली की कफ घट्ट होतो, नळीत खपलीसारखा धरतो आणि नळीच बंद झाली तर... हे वाक्य आमच्या घरात कोणी पुरे करत नाही.

तेव्हा बदलीवर दोन नाके आली. दिवसाचे नाक म्हणजे नळीच्या तोंडावर बसणारा, बाटलीच्या बुचाएवढा फिल्टर. त्याचा व्यवहार मला चटकन समजला. बाहेर येणारा श्वास आपली ऊब आणि ओल त्यात जमा करतो, आत जाणारा श्वास ती काढून घेतो. चालू खाते! मात्र ते रोज बंद करून नवे उघडायचे. कफाने भरले तर त्याआधीच. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणाऱ्या आमच्या मावशींनी "धुऊन वापरा की" असे सुचवले. पण धुतला की तो कामातून जातो.

रात्रीचे नाक विजेवर चालते. भांड्यात पाणी, खाली तापणारी तबकडी आणि अण्णांपर्यंत जाणारी लांब नळी. हे चालू असताना फिल्टर लावायचा नाही. तो भिजून श्वास अडतो. यंत्र पलंगाहून खाली ठेवायचे, कारण नळीत वाफेचे पाणी साचते आणि पाणी उताराकडेच जाणार. साचलेले पाणी नळी सोडवून बादलीत ओतायचे. परत भांड्यात नाही आणि अण्णांच्या दिशेने तर मुळीच नाही.

भांड्यात नळाचे पाणी चालत नाही. औषधाच्या दुकानातून निर्जंतुक आणायचे. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला "डिस्टिल्डच ना? इन्व्हर्टरचं घेऊन जा, स्वस्त पडेल" म्हणाला. अण्णांना बॅटरीच्या पंक्तीला बसवायची माझी तयारी नव्हती.

सकाळी भांड्यातले उरलेले पाणी ओतून द्यायचे, त्यात नव्याची भर घालायची नाही. कालची शिल्लक आज पुढे ओढण्यावर ज्याची हयात गेली, त्याला हे फार जड जाते. मग साबणाच्या पाण्याने धुणे, एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यांत अर्धा तास बुडवणे, खळबळून काढणे आणि पुसायच्या भानगडीत न पडता वाळू देणे. नळी बाल्कनीत सावलीला लोंबते. शेजाऱ्यांच्या बंड्याने ती अजगर आहे असे वाड्याला जाहीर केले आहे.

व्हिनेगरचा वास घरभर पसरतो. फक्त अण्णांना येत नाही, कारण त्यांच्या नाकातून हवाच जात नाही. हिंग कमी पडल्याचे बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगणारा हा माणूस. हल्ली सौ. फोडणी दिल्यावर आपण होऊन सांगते, "मामंजी, हिंग घातलाय हं."

या सगळ्याची मी वही ठेवली आहे. तारीख, फिल्टर, पाणी, व्हिनेगर, सही. आणि तपासनीस स्वतः अण्णा. तीस वर्षे शाळेत वह्या तपासल्यामुळे लाल पेन उशाशीच असते. रोज भांडे उजेडात धरून बघतात, मगच बरोबरची खूण करतात. माझ्या गणिताच्या वहीवरही त्यांनी 'बरे'च्या वर शेरा कधी दिला नाही.

काल त्यांनी वहीत 'छान' लिहिले.

"हे यांना का?" सौ.ने विचारले.

अण्णांनी फिल्टर काढला, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे नळीवर बोट ठेवले आणि खरखरत म्हणाले, "भांड्याला."