सहा सिलिंडरची बोट

हर्णैला मोठी बोट काठाला टेकत नाही. ती खोलावर नांगर टाकून डुलत राहते आणि तिची मासळी होडीतून, मग बैलगाडीतून वाळूवर येते. पोटापर्यंत पाण्यात उभे असलेले बैल, मागे सुवर्णदुर्ग आणि गाडीत बर्फाखाली सुरमई. पाहुण्यांना हे चित्र फार आवडतं. बोटवाल्याला त्यात फक्त वाढलेला खर्च दिसतो.

माझ्या चुलतभावाची होडी लहान आहे. फायबरची, मागे छोटं मशीन. पहाटे जायचं, उन्हं चढायच्या आत परत. पाणी उपसायला तेलाचा अर्धा कापलेला कॅन, वल्ह्याच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. बसायच्या फळीवर सुरीचे असंख्य बारीक ओरखडे. गळाला लावायचे बांगड्याचे तुकडे तिथेच कापतात. त्या फळीचा वास कितीही धुतली तरी जात नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो.

आता त्याला सहा सिलिंडरच्या इंजिनाची मोठी बोट घ्यायची आहे. काठाजवळ पूर्वीसारखं काही लागत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. दापोलीत पंख्याखाली बसून लहान होडीचं कौतुक करायला माझं काय जातं?

पण मोठ्या बोटीचा हिशेब समुद्रात जाण्याआधीच सुरू होतो. डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांची उचल. खलाशी नेपाळचा असो की गुहागरचा, पैसे आधी मोजावे लागतात. शिवाय बोट चालवणारा तांडेल चांगला मिळायला हवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते; बँकेचा हप्ता मात्र पावसाळा पाळत नाही. होडीवाला सकाळी आभाळाकडे बघून ‘आज नको’ म्हणू शकतो. हप्ता भरणाऱ्याला ते जड जातं.

वादळाचा इशारा आला की होडी चार माणसं लावून वाळूवर ओढता येते. मोठ्या बोटीला आंजर्ल्याची खाडी गाठावी लागते. तिच्या तोंडाशी गाळ साचलेला. भरती चढेपर्यंत बाहेर लाटा खात थांबायचं. २०१९च्या ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आलं आणि पाठोपाठ ‘महा’. ऐन हंगाम नांगरावर गेला.

हे सगळं मी भावाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मोबाइलवर फिशफाइंडरचे भाव दाखवले.

काकू जाळ्याची गाठ मारत होती. आजवर होडीतली मासळी तिच्याच पाटीत पडली, तिनेच ती बाजारात विकली. घरातला पैसा तिच्या कनवटीला. तिने मान वर न करता विचारलं, “मोठ्या बोटीचा माल व्यापारी उचलणार ना? मग मी काय, माझ्याच पोराच्या मासळीवर लिलावात बोली लावायची?”