नोंदवहीतले उत्तर

आमच्या धर्मग्रामात बोटीवर गेलेल्या मुलांची घरे पुष्कळ. घरे आशीर्वादित करावयास गेलो की पवित्र तसबिरीशेजारी एखाद्या जहाजाचे छायाचित्र हमखास दिसते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरी निवृत्त कप्तानांशी बोलण्याचा योग आला. तरुणांच्या बेशिस्तीविषयी आम्ही तक्रारीचा सूर लावला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "फादर, त्यांचे उत्तर लिहून घेता का?" आम्ही बुचकळ्यात पडलो. मग त्यांनी आपलीच एक हकीकत सांगितली.

ते नव्यानेच कप्तान झाले होते. पहाटे टेहळणीवर असलेला खलाशी झोपी गेल्याचे चीफ मेटने कळविले. अपराध लहान नव्हे. टेहळ्याचा डोळा लागला तर समोरची मच्छीमार होडी जहाजाखाली जाते. कप्तानांनी संतापाच्या भरात नोंदवहीत अपराध लिहिला. परंतु १९५८ च्या भारतीय व्यापारी नौवहन कायद्यानुसार अशी नोंद अपराध्याला स्पष्टपणे वाचून दाखवावी लागे किंवा तिची प्रत द्यावी लागे. तो जे उत्तर देईल तेही तेथेच लिहावे लागे.

नोंद इंग्रजीत होती, ती हिंदीत समजावून सांगावी लागली. खलाशी म्हणाला, "साहेब, झोपलो हे खरे. पण बंदरात दोन रात्री माल उतरत होता आणि दिवसाही दोर ओढायला बोलावले." कप्तानांनी कामाचे तास तपासले. त्याचे म्हणणे खरे निघाले. पाळ्या मेटने आखल्या होत्या आणि खाली सही होती कप्तानांची स्वतःची! त्यांनी नोंद खोडली नाही, कारण चूक घडलीच होती. त्याखाली खलाशाचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहिले, दंड मात्र केला नाही. पाळ्या बदलल्या. मेटला समज दिली ती दार लावून, खलाशांच्या देखत नव्हे.

२००६ च्या सागरी श्रम कराराने आता चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हा खलाशाचा हक्क मानला आहे. तक्रार करताना सोबतीला कोणास घेण्याची मुभा आहे, आणि तक्रारीबद्दल सूड घेण्यास मनाई आहे. भारताने हा करार २०१५ साली स्वीकारला. १९५८ च्या कायद्याच्या जागी नवा कायदाही २०२५ साली संमत झाला. "पण फादर," कप्तान म्हणाले, "किनारा आठ दिवसांवर असतो. तेथे फिर्याद ऐकणारा मीच आणि निवाडा करणारा मीच. मी कान दिला नाही, तर त्या पोराला दुसरा कान कुठला?"

त्या रात्री आम्हांस सेमिनरीतील एक सहाध्यायी आठवला. वर्गप्रमुख या नात्याने, प्रातःकालीन चिंतनात तो झोपतो असे आम्हीच वरिष्ठांना तीनदा कळविले होते. आमचे कथन खरे होते. त्याला बोलावणे आले आणि त्याच वर्षी तो घरी परतला. तो का झोपत असे, हे आम्ही त्याला कधी विचारले नाही. आजही आम्हांस ते ठाऊक नाही.

गायनवृंदातून एका मुलाला आम्ही नुकतेच काढले होते. दुसऱ्या दिवशी त्याला बोलाविले आणि प्रथम त्याचे ऐकून घेतले. ऐकूनही निर्णय बदलण्याजोगे काही आढळले नाही, तसे आम्ही त्यास कारणांसह सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "फादर, निदान विचारलेत तरी." दारापर्यंत त्याला पोहोचवून आम्ही परतलो, तेव्हा मनात आनंद नव्हता. पण त्या जुन्या सहाध्याय्याचा पत्ता शोधण्याचे आम्ही ठरविले होते.