लाल गाडीचा ठसका

माणसाला कोणते वेड कोणत्या वयात लागेल याचा नेम नाही. आमच्या चिरंजीवांना ते इंग्लंडात, ऐन चाळिशीत लागले, आणि तेही दोनच माणसे मावणाऱ्या, उघड्या टपाच्या, लालभडक मोटारीचे! १९७४ सालची एमजीबी.

"बाबा, १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या," तो अभिमानाने म्हणाला.

"त्यांतली ही खोकणारीच बरी तुझ्या वाट्याला आली!" इति आमची सौ.

गाडी खरेच खोकत होती. उभ्या उभ्यासुद्धा मधूनच फट्‌ करी. दुसऱ्या दिवशी आईला टेकड्यांच्या रस्त्याने फिरवून आणायचा त्याचा बेत होता, म्हणून त्याने बाह्या सरसावल्या. मला चालकाच्या जागी बसवले. माझे काम एकच : सांगितले की इंजिन सुरू करायचे.

त्याने मला आवाजांचे शास्त्र समजावून सांगितले. पाय उचलताच मागच्या नळीतून फटफट झाली, तर बहुधा धुराच्या नळीचा एखादा जोड सैल असतो, किंवा ठिणगी उशिरा पडत असते. पण कार्ब्युरेटरच्या तोंडातून फटकारा आला, तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी आणि हवा जास्त. असले फिके मिश्रण सावकाश जळते. नवे मिश्रण आत घेणारी झडप उघडली तरी आत विस्तव शिल्लक असतो, आणि तो येणाऱ्या पाहुण्यालाच पेटवतो!

आमचा ठसका तोंडाचा होता. चिरंजीवांनी कार्ब्युरेटरचा पिस्टन बारीक स्क्रूड्रायव्हरने जेमतेम मिलिमीटरभर उचलला. इंजिन क्षणभर वेग घेऊन पूर्ववत झाले तर मिश्रण ठीक. वेग वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. बंद पडू लागले तर कमी. आमचे बंद पडू लागले.

"एवढंच ना!" म्हणून त्याने मिश्रणाचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवले. दुसऱ्या कार्ब्युरेटरचेही तेच केले. खोकला थांबला. विजयी मुद्रेने त्याने हात पुसले.

एवढ्यात ही चहा घेऊन आली. "गेल्या आठवड्यापर्यंत नीट चालत होती ना रे? मग पेट्रोल आपोआप कमी कसं झालं? आपल्या शेगडीच्या बर्नरला हवा जास्त झाली की तीही अशीच फटफटायची. मी काही गॅस मोठा करत नव्हते, हवा कमी करत होते."

चिरंजीव हसले. मला मात्र हसू आले नाही. बसल्या बसल्या मी ब्रेक दाबून पाहत होतो, आणि तो दगडासारखा घट्ट लागत होता. भीत भीत तसे सांगितले.

त्याचा चेहरा बदलला. "इंजिन बंद करा. ब्रेक चारपाच वेळा दाबा. आता पाय दाबून ठेवा आणि चालू करा. पाय थोडा खाली जातो का?"

"तसूभरही नाही."

इंजिन हवा ओढते, त्याच ओढीचा उपयोग करून ब्रेकला जोर देणारा एक डबा या गाडीत असतो. इंजिनपासून त्या डब्यापर्यंत एक रबरी नळी जाते. त्याने ती इंजिनाजवळ चिमटीत घट्ट दाबली. इंजिनाचा सूर लगेच बदलला. नळी वाकवून पाहिली, तर खालच्या अंगाला बोटभर चीर! तिथूनच हवा आत शिरत होती. पेट्रोल फिके पडत होते आणि ब्रेकचा जोरही जात होता.

बराच वेळ कोणी बोलले नाही. टेकडीचा तो उतार तिघांच्याही डोळ्यांपुढे असावा. गाडी बिचारी ओरडून सांगत होती, आणि आम्ही तिचे तोंड बंद करून मोकळे झालो होतो.

दोन दिवसांनी नवी नळी बसली, दोन्ही स्क्रू पूर्वपदावर आले. मग मायलेक फिरायला गेले. परत आली तेव्हा हिच्या केसांचे पार टोपले झाले होते.

"कशी आहे गाडी?" मी विचारले.

"थांबते," ती समाधानाने म्हणाली.