आवाजाची डागडुजी

रेकॉर्डिंग स्टुडिओत काचेच्या पलीकडे गाणारे-वाजवणारे असतात आणि अलीकडे ध्वनिमुद्रक. गाणाऱ्याचं नाव तबकडीवर ठळक येतं, वादकांपैकी काहींचं येतं, ध्वनिमुद्रकाचं बारीक अक्षरांत का होईना येतं. ध्वनिमुद्रकासमोरचं यंत्र चालू ठेवणाऱ्याचं नाव मात्र कुठेच येत नाही. त्याची आठवण यंत्र बिघडल्यावरच निघते. मी गेली पस्तीस वर्षं हेच काम करतो. तक्रार करायची म्हणून हे लिहीत नाही. या हुनरात काय काय असतं ते एका जुन्या मिक्सिंग कन्सोलच्या निमित्ताने सांगावंसं वाटलं, एवढंच.

कन्सोल म्हणजे काय, हे मोहल्ल्यात मला नेहमी समजावून सांगावं लागतं. लग्नाच्या हॉलमध्ये डीजेवाल्यासमोर बटणांचा डबा असतो ना, त्याचा हा आजोबा, असं मी सांगतो. प्रत्येक मायक्रोफोनसाठी त्यात एक स्वतंत्र वाट असते. तिला चॅनल म्हणतात. मायक्रोफोनमधून येणारी वीज अगदी क्षीण, व्होल्टच्या हजाराव्या हिश्शातली. कन्सोल ती गरजेप्रमाणे हजारपटीपर्यंत वाढवतो, तिच्यातला खर्ज आणि तार भाग कमी-जास्त करू देतो आणि शेवटी सगळ्या वाटा एका रस्त्याला आणून मिळवतो. त्या रस्त्याला बस म्हणतात. तबला, सारंगी, गळा, टाळी सगळे एकाच बसमध्ये बसतात. कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडू नये, याची काळजी कन्सोलवर बसलेल्या माणसाने घ्यायची.

एके काळी मुंबईत सिनेमाचं गाणं एका दमात ध्वनिमुद्रित होई. गायक, कोरस आणि पन्नास-साठ वादक एकाच वेळी गात-वाजवत. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मिनू कात्रक यांच्यासारख्या ध्वनिमुद्रकांनी आणि राजकमलमध्ये पुनर्मुद्रणाचं काम करणाऱ्या मंगेश देसाईंनी त्या काळात जे करून ठेवलं, ते आजही ऐकताना थक्क व्हायला होतं. पुढे अनेक ट्रॅकची टेप आली आणि कन्सोल मोठे होत गेले. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ईएमआयने स्वतः घडवलेला ट्रान्झिस्टरचा कन्सोल १९६८ मध्ये बसवला गेला. चोवीस मायक्रोफोन घेणारा आणि आठ ट्रॅकवर देणारा. बीटल्सची १९६९ ची ‘ॲबी रोड’ ही तबकडी त्याच्यावर झाली. २००९ मध्ये रेसुल पूकुट्टी यांना ऑस्कर मिळालं, तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळ लोकांना ध्वनिमिश्रण नावाचं काही काम असतं हे पहिल्यांदा कळलं. माझ्या घरच्यांनाही माझं काम थोडंफार तेव्हाच समजलं.

ज्या कन्सोलविषयी मी लिहितो आहे तो १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये बनलेला, चोवीस चॅनलचा. मुंबईतल्या एका स्टुडिओच्या शेठने तो १९८० च्या दशकात वापरलेला म्हणून विकत घेतला. वीसेक वर्षं तो राबला. मग सगळं संगणकावर होऊ लागलं आणि कन्सोल चादरीखाली गेला. शेठनी मला बोलावलं तेव्हा त्याच्यावर पंख्याचं खोकं आणि हिशेबाच्या जुन्या वह्या ठेवलेल्या होत्या. आतल्या दोन केबली उंदरांनी कुरतडल्या होत्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने स्विचचे चांदीचे संपर्क काळे पडले होते.

शेठ म्हणाले, “भाई, एक गिऱ्हाईक आहे परदेशातला. आठ चॅनल सुटे काढून मागतो. भाव चांगला देतोय. तुम्ही काढून तपासून द्या, तुमचं कमिशन वेगळं.”

ही मागणी नवी नव्हती. अशा कन्सोलचे चॅनल सुटे काढून, छोट्या पेटीत बसवून, वेगळा वीजपुरवठा जोडून विकण्याचा धंदा जगभर चालतो. घरातल्या घरात ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना दोन चॅनल पुरतात. कितीतरी चांगले कन्सोल असे तुकडे तुकडे होऊन संपले. कमिशनची जी रक्कम शेठनी सांगितली, ती माझ्या चार महिन्यांच्या कमाईइतकी होती. त्या वर्षी मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. पैशाची गरज नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल.

मी त्यांना एवढंच विचारलं, “शेठ, कव्वालीची पार्टी आली तर कशी घ्याल?”

कव्वालीत मुख्य कव्वाल, त्याचे हमनवा, दोन हार्मोनियम, ढोलक, तबला आणि टाळ्या असतात. एकाला आज आणि दुसऱ्याला उद्या बोलावून ती होत नाही. एकाची तान दुसरा उचलतो, टाळी त्याच क्षणी पडते. त्यांना एकाच खोलीत, एकाच वेळी बसवावं लागतं आणि मग पंधरा-सोळा चॅनल सहज लागतात. भजनी मंडळाचंही तसंच आहे. आठ चॅनल गेल्यावर उरलेल्यांत जेमतेम भागलं असतं आणि एखादा चॅनल बिघडला की काम थांबलं असतं. शेठ काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांच्या मुलाने त्यांना ‘साउंड सिटी’ हा २०१३ चा माहितीपट दाखवला होता. अमेरिकेतला तो स्टुडिओ बंद पडल्यावर डेव्ह ग्रोल या संगीतकाराने तिथला जुना नीव्ह कन्सोल विकत घेऊन आपल्या स्टुडिओत बसवला, त्याची ती हकिकत. शेठ म्हणाले, “सहा महिने देतो. होतंय का बघा.”

काम हाती घेतल्यावर पहिला नियम, घाईने वीज द्यायची नाही. वर्षानुवर्षं पडून असलेल्या यंत्राला एकदम २३० व्होल्ट दिले तर वीजपुरवठ्यातले कंडेन्सर फुटू शकतात. आम्ही आधी वीजपुरवठा कन्सोलपासून सोडवला आणि डिमरस्टॅट लावून तासातासाने व्होल्टेज वाढवत नेलं. त्यात शंभर हर्ट्झची गुणगुण सापडली. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. गुणगुण पन्नासची असेल तर बहुधा अर्थिंगमध्ये किंवा केबलच्या वाटेत दोष असतो. शंभरची असेल तर वीज सरळ करणाऱ्या भागातले कंडेन्सर थकलेले असतात. कानाला सवय झाली की मीटर लावण्याआधीच फरक कळतो. ही खूण मला लॅमिंग्टन रोडवरच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, तारुण्यात, चाचांनी शिकवली.

थकतात ते मुख्यतः इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये द्रवात भिजवलेला कागद असतो. वर्षं जातात तसा तो द्रव सुकतो आणि आवाजातला खर्ज आधी नाहीसा होतो. उष्णतेने हे लवकर घडतं. तापमान दहा अंशांनी कमी राहिलं तर कंडेन्सरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. आमच्या कन्सोलमध्ये असे सहाशेच्या वर कंडेन्सर होते. ते एकदम बदलले नाहीत. एक चॅनल दुरुस्त करायचा, शेजारच्या न दुरुस्त केलेल्याशी ताडून बघायचा, मगच पुढे जायचं. असं केल्याने सुधारणा किती झाली ते कळतं आणि मूळ आवाज हातातून निसटत नाही.

खरं कसब काय बदलायचं यापेक्षा काय ठेवायचं हे ठरवण्यात असतं. ट्रान्सफॉर्मर ठेवायचे, कारण त्या आवाजाची ओळख त्यांच्यात असते. त्यांना साधा ओममीटरही लावायचा नाही. मीटरमधल्या बॅटरीच्या विजेने लोखंडी गाभ्यात चुंबकत्व राहू शकतं आणि बारीक आवाज विद्रूप होतो. काळे पडलेले संपर्क कानशीने घासायचे नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी मधून अलगद ओढायची. आउटपुटचे ट्रान्झिस्टर २एन३०५५ जातीचे निघाले. हा ट्रान्झिस्टर आपल्याकडच्या जुन्या ॲम्प्लिफायरमधून मेकॅनिकांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा. विलायती यंत्राच्या पोटात तो भेटल्यावर परगावी गाववाला भेटावा तसं वाटलं.

अकराव्या चॅनलचा आवाज इतरांपेक्षा किंचित जाड होता. सर्किटमध्ये कारण सापडेना. शेवटी आतला पत्रा उलटा केला तर त्यावर पेन्सिलीने देवनागरीत लिहिलं होतं : ‘ट्रा. बदलला. आवाज थोडा वेगळा.’ खाली १९८९ सालची तारीख होती. आणखी चार चॅनल पुढे, तशाच जागी, दुसऱ्या हाताने उर्दूत लिहिलेलं सापडलं. त्याचा अर्थ असा की, याची वायरिंग नकाशाप्रमाणे नाही, पण बरोबर आहे, बदलू नये. ती वायरिंग मी बदलणारच होतो. नकाशा हातात होता आणि नकाशाप्रमाणे ती चूकच दिसत होती. त्या एका ओळीने दोन दिवसांचं काम आणि एक चांगला चॅनल वाचवला. हे दोघे कोण होते, कुणाला माहीत नाही. शेठनाही आठवत नाही. त्यांचं नाव कुठल्याच तबकडीवर नाही. पण पुढे कुणीतरी हा पत्रा उघडेल, हे दोघांनीही गृहीत धरलं होतं. दोन्ही लिप्या वाचता येतात याचा मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला, तेवढा पूर्वी कधी झाला नव्हता.

कान आणि मीटर यांच्यात कुणाचं ऐकायचं, हा या धंद्यातला जुना वाद आहे. रुपर्ट नीव्ह हे इंग्लंडचे नामवंत कन्सोल-रचनाकार २०२१ मध्ये वारले. ते एक गोष्ट सांगत. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी त्यांच्या एका कन्सोलच्या काही चॅनलविषयी तक्रार केली. तपासल्यावर त्यांत ५४ हजार हर्ट्झजवळ ३ डेसिबलचा उंचवटा निघाला. माणसाच्या कानाची मर्यादा वीस हजारांच्या आसपास मानतात. तरीही एमरिकना काहीतरी खटकलं होतं.

आमच्या चाचांचं वय आज ऐंशीच्या पुढे आहे. बारीक आवाज त्यांना आता ऐकू येत नाहीत. मी त्यांना एकदा स्टुडिओत घेऊन गेलो. कन्सोल तासभर चालू होता. त्यांनी कुठलाही मीटर मागितला नाही. एकेका चॅनलच्या पत्र्यावर तळहात ठेवत पुढे गेले आणि एका ठिकाणी थांबून म्हणाले, “बेटा, हा थंड आहे.” अशा जातीच्या सर्किटमधून आवाज असो-नसो, वीज सतत वाहत असते. म्हणून ते कोमट राहतं. थंड म्हणजे आत काहीतरी तुटलेलं. तिथे झाळ सुटलेली निघाली. कान गेला तरी चाचांचा हुनर हातात शिल्लक होता.

या कामात मदतीला माझी भाची होती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी बसली होती. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, “मामू, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. लिहिलेलं कुठे आहे?” मग तिनेच वही केली. प्रत्येक चॅनलसाठी दोन पानं. कुठला कंडेन्सर बदलला, कुठला ठेवला, किती मोजलं, आणि पेन्सिलीच्या त्या दोन ओळी जशाच्या तशा, एक देवनागरीत, एक उर्दूत. झाळ ती आता माझ्यापेक्षा सफाईने लावते. मी तिला तसं सांगितलेलं आहे.

सहा महिन्यांचे आठ झाले. चोवीसपैकी बावीस चॅनल उत्तम चालतात. दोन आम्ही मुद्दाम मोकळे ठेवले, उद्या इतरांना सुटे भाग लागतील तेव्हासाठी. कन्सोलवर पहिलं काम झालं ते एका कव्वाली पार्टीचं. चौदा मायक्रोफोन लागले. पुढच्या आठवड्यात पखवाज आणि टाळ घेऊन एक भजनी मंडळ आलं.

जुनं ते सगळं सोनं, असं मी मानत नाही. संगणकावर आज जे होतं ते या कन्सोलला जमणार नाही, आणि मी स्वतः दोन्हीकडे कामं करतो. पण एखादी चालणारी गोष्ट आपल्या हातात येते तेव्हा ती अमानत असते. तिचे तुकडे करून विकायचा हक्क कायद्याने मालकाला असतोच. तरी ती अखंड पुढे द्यायची, असं कुणीतरी ठरवावं लागतं. इथे ते शेठनी ठरवलं. आर्थिकदृष्ट्या त्यांचं नुकसानच झालं असेल. मुलीची फी मी हप्त्यांनी भरली.

आम्ही घातलेले कंडेन्सरही वीस-पंचवीस वर्षांत सुकतील. तेव्हा मी नसेन. भाचीने वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कन्सोलच्या पायाशी, आतल्या कप्प्यात ठेवली आहे. मागची चाळीस पानं तिने कोरी सोडली आहेत.