भिंत कुणाला अडवते

फीडमिलसाठी मका घ्यायचा तर आधी चावून बघायचा. दाढेखाली कट्ट वाजला तर वाळलाय. नुसता दबला तर ओल आहे. मॉइश्चर मीटर खिशात असतो, तरी माझा विश्वास दाढेवर. (चावून थुंकायचं, हे घरून रोज बजावलं जातं.) मग दहाबारा दाणे तळहातावर घेऊन टोकाकडचा कोंब नखाने उकलतो. तिथे हिरवट भुकटी दिसली की अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने मुक्काम ठोकलाय. दिसली नाही म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. बुरशी चाळणीत झडून जाते, विष दाण्यात राहतं.

1960 साली इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीने. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे या बुरशीचं विष, सापडलं ते त्या मृत्यूंचा शोध घेताना. खाद्यात त्याची मर्यादा धरतात किलोत 20 मायक्रोग्रॅम, म्हणजे टनात 20 मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहूनही कमी. शिवाय ते सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. एका पोत्यात काहीच नाही, शेजारच्या पोत्यात मूठभर दाण्यांत सगळं. नमुना चुकला की रिपोर्ट कितीही सुबक छापलेला असो, खोटाच.

म्हणून सगळ्यांना बाइंडर हवा असतो, विषाला चिकटवून धरणारा. त्यातला माझा आवडता म्हणजे यीस्टच्या पेशीभित्तिका. बिअर करून झाल्यावर उरलेलं यीस्ट पन्नासेक अंशांवर ठेवलं की त्याचीच विकरं त्याला आतून पचवतात. विरघळलेला अर्क सूप-मसाल्यांकडे जातो, मागे उरते रिकामी भिंत. पेशीच्या कोरड्या वजनाच्या साधारण 15 ते 30 टक्के. वाळवली की मळकट पिवळी पूड होते. पोतं फोडलं की बेकरीच्या मागच्या दारातून येतो तसला वास सुटतो. यीस्ट हीसुद्धा बुरशीच. एका बुरशीचं विष दुसरीच्या भिंतीला चिकटवायचं, असा हा धंदा.

त्या भिंतीत बीटा-ग्लुकॅनच्या साखळ्या स्प्रिंगसारखी वेटोळी घेतात, बाजूला फांद्या फुटतात. या वेटोळ्यात झिरॅलेनोन हे विष बऱ्यापैकी बसतं. मादीच्या संप्रेरकाचं सोंग घेणारं हे विष डुकरिणींना फार छळतं. अफ्लाटॉक्सिनचा रेणू चपटा. त्याला मातीच्या थरांमधली फट जास्त मानवते. 2013 साली युरोपने बेंटोनाइट या मातीला मान्यता दिली ती अफ्लाटॉक्सिनसाठीच. आणि डीऑक्सिनिव्हॅलेनोल या तिसऱ्या विषाला ना माती नीट धरत, ना भिंत. हे चिकटणं घडतं तेही पोत्यात नाही, कोंबडीच्या ओल्या आतड्यात. बाइंडर घातलेलं खाद्य तपासलं तर विष त्यात दिसू शकतं, यावर लोक चिडतात.

मला हे ठाऊक होतं आणि तरी मी चुकलो. परतीच्या पावसात भिजलेला मका होता, मीटर सतरा टक्के ओल दाखवत होता. मी मका परत पाठवायला हवा होता. त्याऐवजी यीस्टची मात्रा टनाला किलोवरून दोन किलो केली. महाग वस्तू, दुप्पट घातली, म्हणजे काम चोख! प्रीमिक्स करताना आधी बादलीभर भरड्यात हाताने कालवली, मग मिक्सरमध्ये टाकली. मिसळण्यात कसूर नव्हती. तिसऱ्या आठवड्यात विट्याकडच्या पोल्ट्रीवाल्या अण्णांचा फोन आला, "डॉक्टर, अंडी उतरली." जाऊन दोन कोंबड्या चिरल्या. यकृत पिवळट, फुगलेलं. बोट लावलं की पेढ्यासारखं खचत होतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं एवढंच, "बाइंडर घातला होता ना?"

घातला होता. चुकीच्या विषासाठी घातला होता. त्याच संध्याकाळी खाद्य बदललं, नव्या बॅचमध्ये माती घातली. अंडी वर यायला महिना लागला. अण्णा त्याबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर पेशीभित्तिकेचं पोतं मिक्सरशेजारून हलवलं. आता ते कपाटात असतं, आणि मक्याच्या तपासणीत कुठलं विष निघालं हे हातात आल्याशिवाय मी कपाट उघडत नाही. कामगारांना वाटतं, डॉक्टर कंजूष झाले.

गेल्या दिवाळीआधी असाच ओला मका दारात आला. दाणा दाढेखाली दबला. मी गाडी परत लावली. ड्रायव्हर हसून म्हणाला, "साहेब, तुम्ही नाही घेतला तरी खपतो हो." गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत मी बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच एका फीडमिलमधून ओळखीच्या माणसाचा फोन आला: जरा ओलसर मका आलाय, टनाला बाइंडर किती टाकू?