जपून टाकलेले पाऊल

आम्ही नांदेडला कारकुनी करतो आणि रविवारी वस्तीतल्या मुलांना इंग्रजी शिकवतो. मागे एका मुलीने धड्यातला 'जिंजरली' हा शब्द काढला. "जिंजर म्हणजे आलं, मग जिंजरली म्हणजे आल्यासारखं का?" सगळा वर्ग हसला. पण प्रश्न रास्त होता.

या शब्दाचा आल्याशी संबंध नाही. अर्थ आहे जपून, अलगद, बेताने. वस्तू मोडेल किंवा कोणाला इजा होईल अशा ठिकाणी आपण जसा हात लावतो, जसे पाऊल टाकतो, ते जिंजरली. हिशेब काळजीने लिहितात, तिथे 'केअरफुली' म्हणावे. तापलेला तवा उचलतात, काटा रुतलेला पाय टेकवतात, तिथे जिंजरली शोभते.

मुलांना आम्ही किल्लारीचा दाखला दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली. खाली कोणी जिवंत असेल, म्हणून ढिगाऱ्यातला एकेक दगड जपून उचलावा लागे. ते उचलणे जिंजरली.

शब्दाचे मूळ मात्र विचार करायला लावते. कोशकारांच्या मते तो बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या 'नाजूक' अशा अर्थाच्या शब्दावरून आला, आणि त्याच्याही मागे चांगल्या कुळात जन्मलेला, असा अर्थ आहे. सोळाव्या शतकात इंग्रजीत तो नाचणाऱ्यांच्या नाजूक पावलांसाठी वापरीत.

आमचे आजे-पणजेही गावात जपूनच चालत. कुणावर सावली पडू नये, पाणवठ्याला हात लागू नये म्हणून. ते पाऊल नाजूकपणाचे नव्हते, धाकाचे होते. मराठीत त्याला दबकत चालणे म्हणतात. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि हे दबकणे झुगारून देण्याचे बळ आपल्या माणसांत आले.

म्हणून बंधू-भगिनींनो, मुलांना शब्द शिकवताना हा फरकही सांगावा. जपणे आपण होऊन असते, दबकणे दुसरा लादतो. आपल्या लेकरांनी तापलेला तवा जरूर जपून उचलावा. शाळेत, कचेरीत, पाणवठ्यावर मात्र ताठ मानेने जावे.