वेसाव्याचा किनारा

मुंबईचे उपनगर म्हटले की दूरच्या प्रांतात राहणाऱ्या मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लोकलची गर्दी, उंच इमारती आणि घड्याळाकडे पाहत धावणारी माणसे उभी राहतात. हे चित्र खोटे नव्हे. परंतु अंधेरी स्थानकावर उतरून आपण पश्चिमेकडे, समुद्राच्या रोखाने निघालात, चार बंगला, सात बंगला मागे टाकून यारी रोडने शेवटपर्यंत गेलात, तर एके ठिकाणी रस्ता अरुंद होतो, इमारतींची उंची उतरते आणि वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा दरवळ येऊ लागतो. हे वेसावे. पाट्यांवर आणि नकाशांवर आपणांस 'वर्सोवा' असे वाचावयास मिळेल. गावकरी मात्र वेसावेच म्हणतात. मेट्रोने येणाऱ्यांसाठी एक सूचना करून ठेवतो. २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोचे 'वर्सोवा' हे स्थानक आणि वेसावे गाव ही एक नव्हेत. तेथून गाव अद्याप बरेच पुढे आहे.

गावाच्या उत्तरेस मालाडची खाडी समुद्रास मिळते. खाडीपलीकडे मढ, आणि तेथे पोर्तुगीज अमदानीतला किल्ला. मराठ्यांनी तो १७३९ साली घेतला व १७७४ साली तो इंग्रजांकडे गेला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात असल्यामुळे आत जाण्यास परवानगी लागते; बहुतेकांना बाहेरूनच समाधान मानावे लागते. गावाच्या दक्षिणेस वाळूचा किनारा जुहूच्या बाजूस पसरत जातो. खाडीच्या मुखाशी होड्यांना आसरा आणि समोर खुला समुद्र, अशी ही जागा. कोळ्यांनी ती का निवडली असेल हे पाहताक्षणीच कळते.

या गावाचे घड्याळ निराळे आहे, हे ध्यानात आल्यावाचून येथला दिनक्रम उलगडत नाही. शहराचा आठवडा रविवारी संपतो. वेसाव्याचा पंधरवडा अमावास्या-पौर्णिमेवर फिरतो. त्या सुमारास समुद्राला उधाण येते, अष्टमीच्या आसपास पाणी मंदावते, आणि या मंद दिवसांना 'भांग' म्हणतात. भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत कोकणपट्टीत सर्वत्र ठाऊक आहे. तिथीला तीनाने गुणावे व चाराने भागावे. येईल त्या आकड्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पाचदहा मिनिटांचा हिशेब यात बसत नाही, परंतु आपण मुंबईस आलात तर पंचांग पाहून ताडा घेण्यास हरकत नाही.

उधाण-भांगाचे एवढे महत्त्व का, तर येथल्या जुन्या मासेमारीचा आधार 'डोल' हे जाळे आहे. डोल म्हणजे प्रचंड पिशवी. तोंडाशी रुंद, शेपटाकडे निमुळती होत गेलेली. ती मासळीच्या मागे धावत नाही. समुद्रात ठरलेल्या जागी प्रवाहाकडे तोंड करून ती पक्की बांधून ठेवतात. भरती-ओहोटीचा जोर तिचे तोंड उघडतो आणि प्रवाहाबरोबर येणारी मासळी आपोआप आत शिरते. पाणी फिरण्याच्या सुमारास तांडेल आणि खलाशी शेपूट वर ओढून जाळे रिते करतात. प्रवाह नसेल तर पिशवी उघडत नाही. म्हणूनच भांगाचे दिवस विसाव्याचे आणि जाळी दुरुस्त करण्याचे. इंजिने आली, दिशादर्शक यंत्रे आली, दूर जाऊन पापलेट-सुरमई आणणाऱ्या मोठ्या नौकाही आल्या; तरी डोलीचा चंद्राशी असलेला करार मोडलेला नाही.

डोलीत येणाऱ्या मासळीचा मानकरी बोंबील. या नाजूक जिवाच्या वजनात सुमारे नऊ-दशांश पाणीच असते; त्यामुळे तो फार वेळ टिकत नाही. बर्फाची सोय नव्हती त्या काळी एवढी मासळी टिकवावयाची तर सूर्याखेरीज कोणाचा भरवसा धरणार? म्हणून बांबूंचे उंच मांडव उभारतात, आडव्या दोऱ्या बांधतात आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात. गाठ नाही, सुतळी नाही. माशाचे दातच त्याला धरून ठेवतात. पावसाळा सरल्यावर, स्वच्छ उन्हाच्या दिवसांत, अशा हजारो जोड्या वाऱ्यावर हलू लागतात. दोन-तीन दिवसांत त्या कडक होतात. जवळा मात्र इतका बारीक की टांगण्याचा प्रश्नच नाही. तो जमिनीवर पसरतात, हातांनी वरखाली करतात आणि कावळ्यांवर नजर ठेवून बसतात.

हे काम मुख्यत्वे स्त्रियांचे. होडी किनाऱ्यास लागेपर्यंत मासळी नाखवाची, लागल्यानंतर ती नाखवीणबाईची, असे म्हणावयास हरकत नाही. निवडणे, लिलावात भाव ठरविणे, बर्फात भरणे, सुकविणे, पाटी घेऊन बाजार गाठणे हे सारे तिच्याकडे. आणि म्हणून घरातील पैशाचा हिशेबही तिच्याकडे. भाव करावयाचा तर अवश्य करावा, मात्र मासळीचे नाव ठाऊक नसताना करू नये. "ताई, ही मांदेली ना?" असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलण्याची तिची तऱ्हा निराळी, आणि नाकाला रुमाल लावून उभ्या राहिलेल्याशी निराळी.

आता या किनाऱ्याच्या खऱ्या अडचणीकडे वळू. पाहुण्याला येथे वाळूचा रिकामा तुकडा दिसतो. वास्तविक तो रिकामा नसतोच. सकाळी त्यावर जाळी पसरलेली असतात, दुपारी जवळा, पावसाळ्याच्या तोंडावर ओढून ठेवलेल्या होड्या. एकच जागा निरनिराळ्या वेळी चार कामे करते, आणि ज्या घटकेला ती कोणतेही काम करीत नाही त्या घटकेला ती मोकळी जमीन ठरते. घराचा उतारा निघतो. बोंबलाच्या मांडवाचा, जाळे विणण्याच्या सावलीचा उतारा कोठे निघणार? गल्ल्यांतील घरे कुटुंबे वाढली तशी वर चढली, कारण पसरण्यास वाव नव्हता. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली. २०११ च्या अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांचा निराळा उल्लेख झाला, २०१९ साली नियम पुन्हा बदलले. कोळीवाड्यांच्या सीमा आखण्याचा प्रश्न त्या निमित्ताने अनेकदा पुढे आला. आमच्या मते या आखणीत घरांच्या भिंतींइतकेच महत्त्व सुकवणीच्या जागेला दिले पाहिजे. जागा गेली तर घर राहील, पण घरातला धंदा राहणार नाही.

दरम्यान वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे सुमारे १७ किलोमीटरचे काम चालू आहे आणि खाडीवरून मढला पूल बांधण्याची योजनाही आहे. शहराला वाहतुकीची सोय हवी हे कोण नाकारील? परंतु समुद्रात खांब उभा राहतो तेव्हा त्याच्या आसपास प्रवाहाची चाल बदलते, आणि ज्याचे जाळे प्रवाहावरच उघडते त्याने त्याविषयी विचारणा केली तर ती अडवणूक समजू नये.

प्रवाह केवळ मासळीच आणतो असेही नाही. शहराच्या नाल्यांतून वाहत आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या डोलीच्या उघड्या तोंडात तितक्याच सहज शिरतात, आणि मग मासळीइतकाच वेळ त्या वेचण्यात जातो. ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह या वकिलांच्या पुढाकाराने येथील किनाऱ्याची सफाई सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ साली त्यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिले येथे वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. तरी भरती रोज दोनदा येते आणि शहराने टाकलेले परत करते.

गावातील तरुण मुलेमुली आज शिकून बँकांत, कचेऱ्यांत जातात. होडीवर इतर राज्यांतून आलेले खलाशीही दिसतात. १९६१ साली मुंबईत स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था वेसाव्यातच आहे, आणि देशभरातून विद्यार्थी मासळीचे शास्त्र शिकण्यास तेथे येतात. शेजारीच चित्रपट-दूरचित्रवाणीची दुनिया नांदते. परंतु गावाने स्वतःच्या गाण्यांसाठी तिच्याकडे पाहिले नाही. 'वेसावकर आणि मंडळी'ची कोळीगीते कॅसेटच्या जमान्यात घराघरांत पोहोचली. आपल्या गावच्या वरातीत आपणही त्यांवर पाय धरला असेल.

येण्याचा उत्तम काळ नोव्हेंबर ते जानेवारी. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते, तेव्हा किनारा मुका वाटतो; पुढे नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ वाहताना मात्र सारे गाव नटून पाण्याकडे निघते. जाळ्यांवर पाय देऊ नये, छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. मढला जाण्यास रस्त्याने मालाडकडून मोठा वळसा पडतो. फेरीबोट काही मिनिटांतच पलीकडे पोहोचविते आणि तीत शाळकरी पोरे, पाट्या घेतलेल्या बायका आणि मोटारसायकलीसुद्धा दाटीवाटीने उभ्या असतात. परतताना सुके बोंबील घ्यावयाचे असतील तर एक मोडून पाहावा. चटकन तुटला तर सुकला, वाकला तर त्यास आणखी एक ऊन हवे होते. बांधून घेताना कागदाच्या तीन घड्या कराव्यात. लोकलमध्ये शेजारी कोण बसेल याचा नेम नाही.